पतसंस्थेचा जुना फॉक्सप्रो प्रोग्राम ठेवावा की बदलावा?

सांगलीतील एखाद्या पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामचा हा विषय येतो, तेव्हा चर्चा बहुधा प्रोग्रामच्या वयावरच अडकते. वय हाच निकष असता, तर १९५९ साली आखणी सुरू झालेली कोबोल ही प्रोग्रामिंग भाषा आजही मोठ्या बँकांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य केंद्रीय संगणकांवर, खाती सांभाळत राहिली नसती. कोबोलमध्ये रक्कम दशमान पद्धतीने पैशापर्यंत अचूक मांडता येते. अनेक नव्या भाषांतील नेहमीच्या अपूर्णांक प्रकारात मात्र ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून तेथे पैशांसाठी वेगळा प्रकार आठवणीने वापरावा लागतो.

त्याहून मोलाचे असतात ते प्रोग्राममध्ये साचलेले नियम. थकीत हप्त्यावर दंडव्याज कोणत्या दिवसापासून लावायचे, मुदतठेव मध्येच मोडली तर कोणता दर द्यायचा, असे वर्षानुवर्षांच्या ठरावांतून झालेले बदल पुष्कळदा फक्त कोडमध्येच उरलेले असतात, आणि सभासदांच्या हाती पडलेले खातेउतारे त्याच कोडमधून छापलेले असतात. नवी प्रणाली हे नियम उपजत जाणत नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये खाती नव्या प्रणालीवर हलवली, तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, आणि २०२२ च्या अखेरीस नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

तरीही कोबोलचा दाखला देऊन फॉक्सप्रोचे समर्थन करता येत नाही. कोबोल भाषेचे अधिकृत मानक (स्टँडर्ड) २०२३ मध्येही सुधारले गेले. व्हिज्युअल फॉक्सप्रो या विंडोजवरील फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची असून मायक्रोसॉफ्टने तिचा तांत्रिक आधार जानेवारी २०१५ मध्ये थांबवला. तिच्या एका टेबलची फाइल २ जीबीपलीकडे वाढत नाही. डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीवरील फॉक्सप्रो तर ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाही, म्हणून कोपऱ्यातला एक जुना संगणक जिवापाड जपावा लागतो. सभासदांची नावे जुन्या मराठी फॉन्टच्या सांकेतिक खुणांत साठवलेली असतील, तर युनिकोड या आजच्या सर्वमान्य लिपी-संकेतात नेताना जोडाक्षरे मोडतात. पुरवठादाराच्या अंदाजपत्रकात या कामाची ओळ आहे का, हे आधी पाहावे.

माझ्या मते निर्णय सोर्स कोडवर, म्हणजे प्रोग्रामच्या वाचता-बदलता येणाऱ्या मूळ मजकुरावर, ठरतो. तो संस्थेकडे असेल आणि वाचू शकणारे निदान दोघे असतील, तर घाई न करता नियम कागदावर उतरवून घेत एक-दोन वर्षे थांबता येते. हाती नुसती चालणारी फाइल असेल आणि ती लिहिणारा एकटाच, तोही निवृत्तीला आलेला असेल, तर बदल आजच सुरू करावा; मात्र ३० सप्टेंबर आणि ३१ मार्चची व्याज आकारणी दोन्ही प्रणालींवर करून पैशापर्यंत जुळेपर्यंत जुनी बंद करू नये. नव्या करारात आपला डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हेही लिहून घ्यावे, कारण फॉक्सप्रोचा डेटा असलेली जुनी डीबीएफ फाइल निदान आपल्याच संगणकावर असते आणि बहुधा एक्सेलमध्येही उघडते.