डिस्ट्रक्टर की फायनलायझर? काट्यावरच्या एका हंगामाचा अनुभव

वणीजवळच्या एका जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कापसाची गाडी काट्यावर आली की सिरियल पोर्टवरून (काट्याची वायर संगणकाला जोडतात ती जागा) वजन वाचायचं आणि पावती छापायची, एवढंच काम. दसऱ्याला ते सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत सुरू केलं. संक्रांतीनंतर वजन वाचणारा भाग सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत नेला. आता हंगाम आटोपला, म्हणून लिहायला बसलो.

पहिली चूक माझीच. कॉलेजात सी प्लस प्लस शिकलो होतो. सी शार्पमध्येही क्लासच्या नावाआधी तीच टिल्डची खूण (~) दिसली, अन् पोर्ट बंद करायची ओळ डोळे झाकून तिथे टाकली. दिसायला डिस्ट्रक्टर, निघाला फायनलायझर! दोन्ही म्हणजे ऑब्जेक्टचं काम संपल्यावर आवराआवर करणारा कोड, फरक तो कधी चालतो यात. सी प्लस प्लसमध्ये कोडच्या तुकड्याचा महिरपी कंस संपला की लोकल (त्या तुकड्यापुरत्या) ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर तिथल्या तिथे चालतो. फायनलायझर मात्र गार्बेज कलेक्टरची (वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) फेरी होईल तेव्हाच चालणार, तोही वेगळ्या थ्रेडवर. अन् फेरी होते ती मुख्यतः मेमरीच्या हिशोबाने. पोर्ट अडकलाय, बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतोय, याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

महिनाभर तरी सुरळीत चाललं. मग उंदरांनी काट्यावरच्या कॅमेऱ्याची वायर कुरतडली आणि दुसऱ्या दिवसापासून काटेवाल्या काकांचे फोन सुरू झाले: "भाऊ, काटा अटकला ना! पहिली गाडी घेते, दुसरीले पोर्ट बिझी म्हणते." कॅमेऱ्याचा अन् पोर्टचा काय संबंध? दोन रात्री गेल्या शोधण्यात. प्रत्येक गाडीचे मोठमोठे फोटो मेमरीत यायचे, त्यामुळे कलेक्टर वारंवार फिरायचा आणि जाता जाता माझा विसरलेला पोर्टही सोडवायचा. फोटो थांबले, मेमरी रिकामी राहिली, कलेक्टर निवांत. म्हणजे महिनाभर काटा चालवला तो कॅमेऱ्याने!

आठवडाभर जीसी डॉट कलेक्ट (कलेक्टरला लगेच फिरायला लावणारी आज्ञा) हाताने बोलावून वेळ मारून नेली. लाज वाटावी असा जुगाड. खरा उपाय आयडिस्पोजेबल आणि यूझिंग, म्हणजे काम संपताच पोर्ट बंद करायची सी शार्पमधली सोय; तो लावल्यावर काटा पुन्हा अटकला नाही. जावा या भाषेवाल्यांनी तर त्यांची फायनलायझरसारखीच फायनलाइझ मेथड 2017 मध्ये जावा 9 पासूनच नापसंत ठरवली आणि 2022 मध्ये जावा 18 ने ती पुढे काढून टाकणार असंही जाहीर केलं. मला विचाराल तर उशीरच केला.

मग सी प्लस प्लस कशाला? यूझिंग दर वेळी आठवून लिहावं लागतं, आणि मदतीला येणारा पोरगा विसरतो. डिस्ट्रक्टर क्लासमध्ये एकदा लिहिला की झालं. हंगामाच्या उरलेल्या दिवसांत पोर्टची एकही तक्रार नाही.

पण तिथेही फटका बसलाच. "बंद करा" बटणावर मी एक्झिट फंक्शन लावलं होतं. त्याने प्रोग्राम बंद होतो, पण लोकल ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत. लॉग (नोंदींच्या) फाइलचा बफर, म्हणजे मेमरीत थांबलेला मजकूर, डिस्कवर उतरलाच नाही आणि दिवसाच्या शेवटच्या दोन गाड्या गायब. मेनमधून (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) सरळ रिटर्न केल्यावर सुधारलं.

लाइन गेली की मात्र दोन्ही सारखेच. इन्व्हर्टरची बॅटरी बसली तर ना डिस्ट्रक्टर चालत, ना फायनलायझर. आता प्रत्येक पावतीनंतर लॉग लगेच डिस्कवर उतरवतो. तरी काका इंडिकेटरवरचा आकडा आधी लाल वहीत टिपतात, मगच बटण दाबतात.