फ्रीकॅडमध्ये अख्खा एलिव्हेटर: आठ महिने वापरल्यानंतर

जळगाव एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. डाळ मिलवाल्यांना बकेट एलिव्हेटर (पट्ट्यावरच्या बादल्यांनी धान्य वर चढवणारं मशीन), चाळणे, हॉपर बनवून देतो. आठ महिन्यांपासून सगळी ड्रॉइंगं फ्रीकॅड १.० या थ्रीडी ड्रॉइंगच्या मोफत सॉफ्टवेअरवर काढतोय. सुटा पार्ट काढायला ते चांगलंच आहे, त्यावर वेगळं सांगत नाही. एका मशीनमध्ये दोन-अडीचशे पार्ट झाले की फाइल कशी लावायची, हे शिकायला मला खरा वेळ लागला.

पहिला एलिव्हेटर एकाच फाइलमध्ये काढला. डावीकडच्या झाडात, म्हणजे पार्टांच्या यादीत, बॉडी००१ पासून बॉडी०८७ पर्यंत रांग. तीन आठवड्यांनी बूटची (एलिव्हेटरच्या तळाच्या भागाची) झाकणप्लेट हवी होती, तर एकेक ओळ निवडून स्पेसबार दाबायचा आणि स्क्रीनवरून काय गायब होतंय ते बघायचं. आमचा अमळनेरकडचा फिटर मागे उभा होता. म्हणाला, "भाऊ, यामा बूट कोठे शे?" मला दाखवता आला नाही.

त्यानंतर झाड वर्कशॉपच्या हिशेबाने लावलं. जे एकत्र वेल्ड होतं ते एका पार्टमध्ये. जे बोल्टने जोडायचं ते वेगळं. म्हणजे हेड (वरचा भाग), लेग (मधला उभा भाग), बूट, ड्राइव्ह (मोटरचा भाग) असे मोठे पार्ट आणि प्रत्येकाच्या पोटात त्याच्या प्लेटा नि अँगल. इथे ग्रुप आणि पार्ट यांतला फरक नीट समजून घ्या. ग्रुप म्हणजे नुसती पिशवी. पार्टला स्वतःचा आरंभबिंदू असतो, तो हलवला की आतलं सगळं सोबत हलतं. मी सुरुवातीला सगळीकडे ग्रुपच वापरले आणि बूट सरकवताना प्लेटा जागच्या जागी राहिल्या. नावं एफ२ दाबून मराठीत देतो: 'बूट – झाकणप्लेट ३ मिमी'. जाडी नावातच असली की कटिंगवाल्याला विचारावं लागत नाही.

बकेट ५६ होत्या आणि मी ५६ प्रती केल्या होत्या. बकेटचा ओठ थोडा वाढवायचा ठरला तेव्हा अख्खी संध्याकाळ गेली. लिंक ही सोय ०.१९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. मूळ बकेट एकच राहते आणि बाकीच्या ५५ जागी तीच दिसते. मूळ बदलली की सगळ्या बदलतात, फाइलही हलकी राहते. या एका सोयीसाठी मी हे सॉफ्टवेअर कोणालाही सुचवेन.

मापं फ्रीकॅडमधल्याच एका स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. पारोळ्याच्या एका गिऱ्हाइकाला उंची वाढवून हवी होती, म्हणून हेडचा शाफ्ट ३० चा ४० मिमी केला. बेअरिंग यूसीपी २०६ चं २०८ झालं, म्हणजे सेंटरची उंची ४२.९ वरून ४९.२ आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर १२१ वरून १३७. शीटमध्ये चार आकडे बदलले आणि प्लेटवरची भोकं आपोआप सरकली. कॅटलॉगमधून उतरवलेलं बेअरिंगचं मॉडेल मात्र असेंब्लीत टाकू नका. त्यात गोळ्यांपर्यंत सगळं असतं, फाइल जड होते. आपल्याला बोअर (शाफ्ट बसतो ते भोक), उंची आणि बोल्टची भोकं एवढंच लागतं. मी तेवढंच काढून ठेवलंय.

स्केच दुसऱ्या पार्टच्या फेसवर, म्हणजे पृष्ठभागावर, चिकटवण्याची सवय मला आधीच्या विकतच्या सॉफ्टवेअरमुळे होती. फ्रीकॅडमध्ये फेसला क्रमांक असतो. आधीच्या पायरीत एक भोक वाढलं की क्रमांक सरकून स्केच भलतीकडे जायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० ने हा त्रास पुष्कळ कमी केला, पूर्ण संपवला नाही. मी आजही डेटम प्लेनवरच, म्हणजे आपण स्वतः ठरवलेल्या कोऱ्या पातळीवरच, स्केच ठेवतो.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. शीटमधला एक आकडा बदलला तरी तिच्यावर टेकलेलं सगळं पुन्हा मोजलं जातं, आणि आमच्या साध्या मशीनवर तेवढ्यात चहा होतो. म्हणून पाच-सहा बदल एकदम करायचे असले की झाडात फाइलच्या नावावर राइट क्लिक करून रिकंप्युट थांबवतो आणि शेवटी एकदाच चालवतो. शीटने मॉडेलमधून माप घ्यायचं आणि मॉडेलने शीटमधून, असं चक्र झालं तर ते सरळ अडतं. मापाचा प्रवास एकाच दिशेने ठेवा. आणि वेगवेगळ्या फाइलींतून लिंक केल्या असतील तर फोल्डरमध्ये जाऊन फाइलचं नाव बदलू नका. मी बूटच्या फाइलचं बदललं होतं, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना एलिव्हेटर बूटाशिवाय उघडला.