आयेल्ट्सचं (इंग्रजीच्या परीक्षेचं) ॲप सात-आठ महिने वापरून झालं: बँडचा आकडा सोडला तर बरं आहे

ऑटोपेने परस्पर पैसे कापले म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर नाईट ड्युटी करून आल्यावर एवढं टाईप करायचा उत्साह कोणाला असतो. ॲपचं नाव टाकत नाही, रिफंडचं तिकीट अजून लटकलेलं आहे. मी स्टाफ नर्स, राहते कोपरखैरणेला, हॉस्पिटल ठाण्यात. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला आयेल्ट्स ॲकॅडेमिकचे लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 बँड, म्हणजे गुण, लागतात. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, पण चालते, पण तिची फी बघितली आणि टॅब बंद केला. आयेल्ट्सचेच 17-18 हजार जातात, वर स्टेशनजवळच्या क्लासवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून म्हटलं आपलं ॲपच बरं, वर्षाचे चार हजार.

आधी चांगलं सांगते. लिसनिंग मस्त आहे. घणसोली, रबाळे, ऐरोली करत ठाण्याला पोचेपर्यंत एक-दोन पार्ट आरामात होतात, आणि लेडीज डब्यातल्या कलकलाटात ऑस्ट्रेलियन बाईचं लेक्चर कळायला लागलं की घरी बसून ऐकताना काहीच वाटत नाही. पार्ट 4 सगळ्यात डेंजर, दहा प्रश्न एका दमात, मध्ये श्वास घ्यायला पण थांबत नाहीत. चुका दाखवायची पद्धत चांगली आहे, मी 'टॉवेल' लिहिलं, उत्तर 'टॉवेल्स', तर तेवढाच तुकडा परत ऐकवतात की बघ बाई, शेवटी एस होता. परीक्षेत स्पेलिंग किंवा एस चुकला की मार्क गेला, अर्धा वगैरे काही मिळत नाही. 40 पैकी साधारण 30 बरोबर आले की 7 बँड, मी 24-25 वर होते ती आता 31-32 ला येते. फक्त ते दहा सेकंद मागे जायचं बटण सवय बिघडवतं, परीक्षेत ऑडिओ एकदाच वाजतो.

रीडिंग ठीक. सगळ्या ॲपमध्ये असतं तसंच आहे.

आता स्पीकिंग. पहिले दोन महिने मी वॉर्डमधल्या सगळ्या ज्युनियर मुलींना हे ॲप घ्या म्हणून सांगत सुटले होते ते या एआय एक्झामिनरमुळेच. प्रश्न विचारतो, आपण बोलायचं, लगेच बँड येतो. 6, मग 6.5, मग परत 6, वाटायचं चाललंय आपलं पुढे. मग एके दिवशी डायरेक्ट 5.5. का, तर मी बोलत असताना स्वयंपाकघरात सासूबाईंच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, उच्चार अस्पष्ट, अनावश्यक पॉझ. नवरा म्हणाला याची परीक्षा आपण घेऊ. माझं एक उत्तर त्याच्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि तेच्या तेच ॲपला ऐकवलं, आला 6. दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग, तोच मोबाईल, तीच खोली, आला 7. पंखा फुलवर ठेवून ऐकवलं तर 5.5. अहो, 6 आणि 7 मध्येच तर माझं सगळं अडकलंय! ताप मोजायला थर्मामीटर लावला आणि तो दर वेळी वेगळा आकडा दाखवतो, असला प्रकार. पेशंटला लावला असता तर मेट्रनने मला उभं केलं असतं.

खऱ्या परीक्षेत समोर माणूस असतो, 11 ते 14 मिनिटं बोलणं होतं, आणि फ्लुएन्सी, शब्द, ग्रामर, उच्चार या चारही गोष्टींना सारखं वजन असतं. ॲक्सेंट मराठी आहे म्हणून मार्क जात नाहीत, समोरच्याला कळलं पाहिजे एवढंच. हे ॲप मात्र व्ही आणि डब्ल्यूच्या मागे हात धुवून लागतं, आणि प्रत्येक उत्तराखाली एकच सल्ला, शब्द अजून भारी वापरा. ते वाचून मी 'प्लेथोरा' वगैरे घुसवायला लागले. आमच्या केरळच्या एक सीनियर सिस्टर आहेत, परीक्षा पास झालेल्या, त्यांनी एक उत्तर ऐकलं आणि म्हणाल्या, पेशंटशी अशी बोलतेस का तू? विषय संपला.

पण खरी कामाची गोष्ट वेगळीच निघाली आणि तिची जाहिरात कुठेच नाही. प्रोफाईलमध्ये पार खाली 'माझी उत्तरं' म्हणून फोल्डर आहे, आपली सगळी रेकॉर्डिंग्ज तारखेसकट साठवलेली. एकदा गाडीत बसल्या बसल्या सगळी ओळीने ऐकली. क्यू कार्डला, म्हणजे कार्डवर दिलेल्या विषयावर बोलायला, एक मिनिट विचार करायला देतात आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं, माझं पन्नास सेकंदांत 'दॅट्स ऑल'. प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'ने सुरू. गोष्ट भूतकाळात सुरू करायची आणि तिसऱ्या वाक्याला वर्तमानकाळात यायचं, प्रत्येक वेळी, न चुकता. हे त्या एआयने एकदाही सांगितलं नव्हतं हो! तेव्हापासून मी बँडच्या आकड्यावर अंगठा ठेवते आणि फक्त रेकॉर्डिंग ऐकते, आता दीड मिनिट तरी सलग बोलता येतं. ज्युनियर मुलींना पण आता एवढंच सांगते, घेतलंच असेल तर त्या फोल्डरसाठी वापरा.

रायटिंगला खरे शिक्षक तपासतात, ते उत्तम. टास्क 1 ला आलेखाचं वर्णन किमान 150 शब्दांत, टास्क 2 चा निबंध किमान 250 शब्दांत, आणि टास्क 2 ला दुप्पट वजन. मला पहिल्याच वेळी लिहून आलं की आकडे सगळे आहेत पण एकूण चित्र काय ते कुठेच नाही. आयुष्यभर चार्टवर बीपी-पल्स आकड्यांत लिहिलंय, सवय जाते का लगेच. पण तपासायचे क्रेडिट तीस दिवसांत संपतात! सबस्क्रिप्शन वर्षाचं, क्रेडिट महिन्याचं, हा कुठला हिशेब? पैसे दिलेत म्हणून उरलेले सगळे निबंध एका नाईटला ब्रेकमध्ये लिहून पाठवले, दर्जा काय असेल तुम्हीच समजा.

आणि आता ऑटोपे. मध्ये ऑफर आली म्हणून क्रेडिटसाठी तीन महिन्यांचा रायटिंग पॅक वेगळा घेतला होता. तो संपायच्या आधी ॲपमध्ये जाऊन कॅन्सल केला, हिरवी टिक पण आली, तरी पैसे कापले. सपोर्टवाले म्हणतात, ॲपमधलं कॅन्सल म्हणजे प्लॅन कॅन्सल, मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, तुम्ही यूपीआयमध्ये जाऊन काढायचं असतं. मग हिरवी टिक कशाची दाखवली? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो, तो आला होता, ओटीपी आणि लोनच्या मेसेजेसच्या ढिगात. तर ज्यांनी घेतलंय त्यांनी आत्ताच्या आत्ता यूपीआय ॲपमधलं ऑटोपे उघडून मँडेट काढून टाका, त्याने चालू प्लॅन बंद होत नाही.

पैसे परत मिळणार नाहीत, त्याबदल्यात मुदत तीन महिने वाढवून देतो असं म्हणतायत. माझी परीक्षा पुढच्या महिन्यात, मुदत घेऊन मी काय करू. निदान रायटिंगचे क्रेडिट तरी द्या म्हटलं, तर म्हणे मॅडम, वरच्या टीमला विचारून कळवतो.