गोचीड तपासून देणारी टपालसेवा : पाचपैकी तीन तारे

जून महिना, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. जावयाने मागची झुडपं छाटली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या गुडघ्यामागे काळा ठिपका सापडला. मुलगी म्हणाली तीळ असेल. मी 31 वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. तिळाला पाय नसतात. गोचिडीचं खसखशीएवढं पिल्लू होतं. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरलं, सरळ वर ओढलं, डोक्यासकट आलं.

इथे गोचीड टपालाने मागवून तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. 50 डॉलर भरले, ओल्या कागदाच्या तुकड्यासह पिशवीत घालून पाठवली.

आधी चांगलं सांगतो. फोटो सुरेख होता आणि जात अचूक ओळखली होती : आयक्सोडिस स्कॅप्युलॅरिस, म्हणजे हरणावरची गोचीड. पोट किती फुगलंय त्यावरून ती साधारण किती वेळ चिकटून होती तेही दिलं होतं. ही माहिती सोन्यासारखी, कारण रोग अंगात शिरायला बहुधा 36 ते 48 तास लागतात. खाली निकाल : लाइमचे (गोचिडीतून होणारा जिवाणूंचा रोग) जंतू आढळले, बॅबेशिया मायक्रोटी (तांबड्या रक्तपेशींत वाढणारा परजीवी) आढळला.

आता तक्रार. अहवाल आला चौथ्या दिवशी. लाइम टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात, तो गोचीड काढल्यापासून 72 तासांत. म्हणजे अहवालाची वाट बघत बसलो असतो तर ती वेळ गेलीच होती. सुदैवाने डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी डोस दिला होता. त्या म्हणाल्या, ‘‘गोचिडीचा निकाल गोचिडीचा, तुमचा नाही.’’ शिवाय ते औषध बॅबेशियावर चालत नाही. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन, तेही आजार झाला तरच. एक ते चार आठवडे तापाकडे लक्ष ठेवा, ताप आला तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघू, इतकंच. हे अहवालाच्या पहिल्याच ओळीत ठळक लिहायला नको का?

दुसरी तक्रार माझी एकट्याची, घरात कोणाला पटत नाही. ‘आढळला’ एवढ्यावरच थांबले. कुठल्या वंशाचा, ते नाही. गायींचा बॅबेशिया मी आयुष्यभर पाहिला, लाल लघवी दिसली की समजायचं. माणसातला हा गोचिडीमार्फत उंदरांकडून येतो, पांढऱ्या पायांच्या. हरीण गोचिडी पोसतं, पण परजीवी बाळगत नाही. उंदीर फार लांब जात नाही, म्हणून परजीवीची घराणी आपापल्या टापूत राहतात. 2016 साली जीनोम जुळवून पाहिले तेव्हा अमेरिकेच्या ईशान्येतला आणि वरच्या मिडवेस्टमधला बॅबेशिया वेगवेगळा निघाला. मॅसॅच्युसेट्सच्याच नॅनटकेट बेटावरचा तर मुख्य भूमीपेक्षाही निराळा, आणि 1969 साली प्लीहा शाबूत असलेल्या माणसात हा रोग पहिल्यांदा सापडला तो त्याच बेटावर. असं असताना आमच्या गोचिडीचा परजीवी बेटाकडचा की आतल्या भूभागातला, हे कळायला नको? मुलगी म्हणते, ‘‘बाबा, त्याने गोळी बदलणार आहे का?’’ बदलणार नाही. पण तो कुठून कुठे सरकतोय ते अशाच नमुन्यांतून कळतं. शेजारच्या मेन राज्यात 2011 साली 9 रुग्ण होते, 2019 मध्ये 138. व्हरमाँटमध्ये 2 चे 34. इतके नमुने यांच्या हातात येतात, जरा जास्त वाचून दाखवायला काय हरकत होती?

जावई नियमित रक्तदान करतो. रक्तातूनही हा जातो, म्हणून त्याने रक्तपेढीला आपणहून कळवलं. इथे दात्यांचं रक्त त्यासाठी तपासतातच, तरी सांगितलेलं बरं. पाच आठवडे झाले, ताप नाही.

एक तारा फोटोला, एक जात ओळखल्याबद्दल, एक फोन उचलणाऱ्या मुलीला, तिने माझे सगळे प्रश्न शांतपणे ऐकले.

परवा माझ्याच मोज्यावर आणखी एक सापडली, चिकटलेली नव्हती. छोट्या बरणीत घालून फ्रीजरमध्ये मटारच्या मागे ठेवली आहे. मुलीला अजून सांगितलेलं नाही.