रायझन 5 7600 साठी कूलर: खोक्यातला, एका टॉवरचा की दोन टॉवरचा?

नागपुरात कुणाला ‘कूलर घ्यायचाय’ म्हणून सांगा, पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरचा?’ आपला कूलर प्रोसेसरवर बसणारा आहे, पण मे महिन्यातल्या खोलीचा हिशोब त्यालाही सुटत नाही.

समजा, प्रोसेसर एएमडीचा रायझन 5 7600 आहे. समोर तीन पर्याय आहेत: प्रोसेसरच्याच खोक्यात मिळणारा रेथ स्टेल्थ, दीपकूलचा एका टॉवरचा एके400 आणि थर्मलराइटचा दोन टॉवरचा पीअरलेस असॅसिन 120 एसई. टॉवर म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा उभा ठोकळा.

स्टेल्थला नावं ठेवणारे पुष्कळ. 54 मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, वर एक पंखा, हीटपाइप नाहीत. 7600 चा टीडीपी, म्हणजे कूलर निवडताना धरायचा उष्णतेचा आकडा, 65 वॉट लिहिलेला असला तरी पूर्ण भारात तो 88 वॉटपर्यंत वीज घेतो. टॅली, ब्राउझर, ऑनलाइन तास यांत ती वेळ येत नाही, आणि तेवढंच काम असेल तर वेगळा कूलर घेऊच नका. अर्धा तास व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की मात्र तापमान 95 अंशांच्या मर्यादेकडे सरकतं. तिथे पोहोचल्यावर चिप जळत नाही, स्वतःच वेग उतरवते. त्रास होतो तो पंख्याच्या आवाजाने कानांना. स्टेल्थच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: त्याची हवा खाली मदरबोर्डवर जाते, त्यामुळे सॉकेटभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागालाही वारा लागतो.

एके400 मध्ये चार हीटपाइप आणि 120 मिलिमीटरचा पंखा आहे. हीटपाइप म्हणजे भरीव तांब्याची कांब नव्हे. आत अगदी थोडा द्रव असतो. तो तळाशी वाफ होऊन वर जातो, पात्यांपाशी थंड होऊन पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली परततो. पंखा मोठा असल्यामुळे तेवढीच हवा कमी फेऱ्यांत हलते. स्टेल्थवरून इथे आलात की फरक आकड्यांत दिसतो आणि खोलीच्या शांततेत त्याहून जास्त.

मग सहा हीटपाइप, दोन पंखे, दोन टॉवर घेतले तर दुप्पट फायदा? इथेच पैसे वाया जातात. 7600 मधल्या सिलिकॉनच्या ज्या तुकड्यात गाभे (कोअर) आहेत तो जेमतेम 70 चौरस मिलिमीटरचा आहे. उष्णता अडते ती तिथून प्रोसेसरच्या धातूच्या झाकणापर्यंत येताना. वर कितीही पाती रचा, ती अडचण तशीच राहते. त्यामुळे असॅसिनने एके400 पेक्षा मोजके अंश कमी होतात. इंटेलच्या आय7-14700के सारखा 253 वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एका टॉवरला धाप लागते. 7600 वर मी एके400 घेईन, आणि पुढे त्याच बोर्डवर मोठा प्रोसेसर बसवायचं नक्की असेल तरच असॅसिन.

दोन्ही टॉवरांची उंची 155 मिलिमीटर. कॅबिनेटच्या माहितीत सीपीयू कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी पाहा. असॅसिनचा पुढचा पंखा रॅमवर येतो. रॅम उंच असली तर पंखा वर सरकवावा लागतो आणि 155 चा आकडा वाढतो.

आता खोली. पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. 28 अंशांच्या खोलीत चिप 80 दाखवत असेल, तर 42 अंशांत त्याच भाराला साधारण 94 धरा. म्हणजे पुण्यात जानेवारीत स्टेल्थवर समाधानी असलेल्या मित्राचा सल्ला अकोल्यात मे महिन्यात चालेलच असं नाही.

धुळीच्या बाबतीतही टॉवर सोयीचा. तारेच्या क्लिपा काढल्या की पंखा हातात येतो, पाती ब्रशने साफ होतात. स्टेल्थमध्ये धूळ पंख्याखाली दडून बसते.

आणि बसवण्यापूर्वी तळ उलटा करून बघा. भाच्याच्या मशीनवर नवा कूलर बसवला, तरी तापमान नव्वदीच्या खाली येईना. संध्याकाळ चिप आणि कूलरमध्ये लावायची पेस्ट आणि बायॉसच्या सेटिंग यांच्या नावाने बोटं मोडण्यात गेली. शेवटी कूलर उचलला, तर तळाची पारदर्शक प्लास्टिक फिल्म जशीच्या तशी, वर ‘बसवण्यापूर्वी काढा’ असं लिहिलेलं.