तारकर्ली किनाऱ्यावरील नवे उपाहारगृह: काही महिन्यांच्या अनुभवानंतर

गेल्या दिवाळीच्या सुमारास तारकर्लीच्या किनाऱ्यालगत सुरू झालेल्या या उपाहारगृहात मी तेव्हापासून जात आलो आहे. कधी घरच्यांसह, तर कधी मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. नव्या नवलाईत मत देण्यापेक्षा पर्यटकांचा हंगाम आणि पावसाळा दोन्ही पाहून मग लिहावे, असे ठरवले होते.

येथील मुख्य अडचण गोंगाटाची आहे. छप्पर पत्र्याचे, फरशी गुळगुळीत आणि दोन बाजूंना काचेची तावदाने असल्यामुळे आवाज शोषून घेणारे काहीच नाही. सगळी टेबले भरली की जो तो शेजारच्यापेक्षा वरच्या पट्टीत बोलू लागतो आणि त्यावर मात करण्यासाठी गाण्यांचा आवाज वाढवला जातो. समोर समुद्र असूनही लाटांचा आवाज म्हणून ऐकू येत नाही. रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद होतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर तो त्या वेळी बंद करावाच लागतो, आणि लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे तोवर जेवून गेलेली असतात.

या गोंगाटाला काही जण ‘माहोल’ म्हणतात. माझा आक्षेप असा की त्याचा परिणाम थेट ताटावर होतो. तळलेली सुरमई सांगावी आणि सुरमईचे कालवण यावे, असे संध्याकाळी वारंवार घडले. वाढणारी मुले नम्र आहेत, चूक लगेच सुधारतात. पण “काका, परत सांगा” हे वाक्य त्यांना दर टेबलावर म्हणावे लागते.

स्वयंपाकघराबद्दल मात्र तक्रारीला जागा फार थोडी आहे. बांगड्याचे तिखले मी मालवण परिसरात बाहेर खाल्लेल्या तिखल्यांपैकी उत्तम म्हणेन: तिरफळाचा वास पुढे येतो, परंतु मासळीला झाकत नाही आणि रस्सा भाताला धरेल इतकाच दाट असतो. कोंबडी-वडे साधारण. सोलकढी एरवी सुरेख, मे महिन्याच्या गर्दीत मात्र पाणचट झाली होती. सुरमई आणि पापलेटचे दर छापलेले नसून बाजारभावाप्रमाणे सांगितले जातात, तेव्हा मागवण्यापूर्वी विचारावे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; त्या दिवसांत येथे गोठवलेली सुरमई मिळत होती आणि तसे विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितलेही गेले. त्याऐवजी खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) किंवा कुर्ल्या (खेकडे) मागवणे शहाणपणाचे ठरले.

शांतपणे जेवायचे असल्यास शनिवार-रविवार टाळून दुपारी साडेबाराच्या सुमारास जावे आणि सुरूच्या झाडांखालील टेबल मागावे. वर पत्रा नसल्याने तेथे बोलणे नीट ऐकू येते. उन्हे कलण्यापूर्वी उठावे, कारण समुद्रावरचा वारा वाढला की पानात वाळू येते.

नारळी पौर्णिमेनंतर आतील अर्ध्या भागात छपराखाली बांबूचे तट्टे बसवले आहेत आणि त्या बाजूला फरक स्पष्ट जाणवतो. उरलेले काम दिवाळीच्या गर्दीपूर्वी होईल का, असे मी मालकांना विचारले. त्यांनी हसून काहीतरी उत्तर दिले. ते मला ऐकू आले नाही.