नऊचा अंगठा: गंगापूर रोडवरील एका किराणा मार्टमधली नोकरी

या मार्टविषयी ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे खरे आहेत. माल ताजा असतो, डाळी-तांदळाचे भाव रविवार कारंजाच्या किराणा दुकानांपेक्षा फारसे चढे नसतात आणि गाडी लावायला जागा मिळते. मी मात्र जून 2023 ते नोव्हेंबर 2024 या काळात बिलिंग काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते, त्यामुळे हा अभिप्राय तिथे खरेदीला जाणाऱ्यांसाठी नसून ‘कर्मचारी पाहिजेत’ ही पाटी वाचून आत शिरणाऱ्यांसाठी आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. अशी मार्ट नाशिकमध्ये एकच नाही.

आधी चांगले सांगते. पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत खात्यावर जमा होत असे, एकदाही चुकला नाही. ठरलेला पगार 12,000 रुपये होता; त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे 1,440 आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) 90 रुपये वजा होऊन हातात 10,470 पडत. पुरुष सहकाऱ्यांचे व्यवसाय कराचे आणखी 200 रुपये कापले जात, आम्हा बायकांना तो या पगारावर लागत नाही. कापलेले पैसे खरोखरच भरले जात होते, हे मी स्वतः पासबुकावर पडताळले आहे, आणि विमा कार्डावर माझ्या टाचेच्या दुखण्याचा उपचार सातपूरच्या रुग्णालयात एक पैसा न देता झाला. आमच्या गल्लीतल्या दोन मुली ज्या कापड दुकानांत काम करतात तिथे यातले काहीच नाही, म्हणून या गोष्टीला मी कमी लेखत नाही.

टाच का दुखत होती, हा पुढचा भाग. काउंटरला स्टूल नाही. मुलाखतीत विचारले तेव्हा ‘बसलेली कॅशियर गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही’ असे उत्तर मिळाले. दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास दुकानात चिटपाखरूही नसते, तेव्हादेखील पाठीमागच्या खोक्यावर टेकलेले चालत नाही, कारण कॅमेऱ्याचे चित्र मॅनेजरच्या मोबाइलवर दिसते. एकदा एका आजीबाईंनी पिशवी भरता भरता विचारले, ‘‘अगं बाळा, बसून नाही का करता येत हे?’’ मी हसले आणि नकळत वर कॅमेऱ्याकडे पाहिले. आजींनीही वर पाहिले आणि मग काही विचारले नाही. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणे कायद्यानेच बंधनकारक केले. या कायद्यांची माहिती मला नोकरी सोडल्यावर मिळाली.

तरीही उभे राहणे सवयीचे होते. सवयीचा झाला नाही तो तिथला वेळेचा हिशेब, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. कागदावर कामाची वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ, मध्ये एक तास सुट्टी, म्हणजे दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे 48. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे मी तिथे असताना आठवड्याची मर्यादा तेवढीच होती आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायचे होते. प्रत्यक्षात अकरा चाळीसला ‘मीटिंग’साठी हजर राहावे लागे. तीत आदल्या दिवसाचा गल्ला, आजचे टार्गेट आणि कुणाच्या काउंटरवर किती वेळ रांग लागली याचा पाढा वाचला जाई. मीटिंग संपल्यावरच हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावायचा. रात्री नऊला सुपरवायझर प्रत्येक काउंटरपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणायचा, ‘‘ताई, अंगठा लावून या.’’ आम्ही एकेक जणी मागच्या दारापाशी जाऊन अंगठा लावायचो, यंत्रावर हिरवा दिवा लागायचा आणि आम्ही परत येऊन पुढच्या ग्राहकाचे साबण-बिस्किटांचे पुडे स्कॅन करायला लागायचो. शटर साडेनऊला खाली येई, गल्ला मोजून, रिकाम्या फळ्या भरून आणि डब्यासकट पिशवी तपासून घेऊन बाहेर पडेपर्यंत सव्वादहा होत.

सकाळची वीस मिनिटे आणि रात्रीचा सव्वा तास धरला, तर 26 दिवसांत हे 41 तास होतात. माझ्या पगारातून तासाचा दर सुमारे 58 रुपये निघतो. दुप्पट दराने महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास रक्कम होते. म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्म्याला थोडी कमी, आणि तीही दर महिन्याला.

रात्री साडेनऊनंतर बायकांकडून काम करून घ्यायचे असेल तर त्यांची संमती लागते आणि त्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करावी लागते, असेही तोच कायदा सांगतो. संमती माझ्याकडून घेतली होती. रुजू झाले त्या दिवशी सह्या केलेल्या अकरा कागदांत तो एक कागद होता. गाडी मात्र नव्हती. मी सिडकोत राहते. सव्वादहाला गंगापूर रोडवरून शेअर रिक्षाने सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक आणि तिथून दुसरी रिक्षा. ती भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत अकरा वाजून जात.

गल्ल्याच्या तुटीबद्दल थोडे. कमी पडले तर ते कॅशियरचे, जास्त निघाले तर कंपनीचे. 2023 च्या दिवाळीत रांग तेलाच्या फळ्यांपर्यंत गेलेली असताना सुपरवायझरने माझ्या ड्रॉवरमधून पाचशेची सुटी रक्कम चौथ्या काउंटरला नेली आणि चिठ्ठी लिहिली नाही. रात्री माझे पाचशे कमी, चौथ्या काउंटरचे पाचशे जास्त. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिलेले होते, तरी माझे पगारातून कापले गेले.

मॅनेजरला मी खलनायक ठरवणार नाही. तो आमच्या आधी येई, आमच्या नंतर जाई, आणि एरिया मॅनेजरला दर दोन तासांनी फळ्यांचे फोटो पाठवताना त्याचा घास हातातच राहिलेला मी पाहिला आहे. मजुरीच्या खर्चाचा आकडा वरून ठरून येतो. माणसे तेवढ्याच पैशांत बसवायची तर काम उरते, आणि उरलेले काम नऊनंतरच्या अंगठ्यात जाते. पण रजा मागितल्यावर सगळ्यांसमोर ‘बाहेर दहा मुली उभ्या आहेत’ असे म्हणणे वरून ठरून येत नाही, ते त्याचे स्वतःचे होते. महिन्याच्या एक ते दहा तारखेत, म्हणजे लोकांचे पगार होऊन गर्दी उसळते त्या दिवसांत, साप्ताहिक सुट्टीही अशीच रद्द होई आणि तिची बदली क्वचितच मिळे.

आमच्या घरी कालनिर्णयवर आई दुधाचा हिशेब लिहिते. शेवटचे सात महिने मी त्याच चौकटींत, दुधाच्या आकड्याखाली, माझी आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची खरी वेळ लिहीत गेले. राजीनामा देताना त्या पानांचे फोटो दाखवून जादा तासांचे पैसे मागितले, तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी सौजन्याने ऐकून घेतले आणि यंत्रावरची नोंद माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक दिवशी नऊ वाजून एक-दोन मिनिटे, माझाच अंगठा.

पाचपैकी दोन तारे: एक वेळेवर पगाराचा, एक विमा कार्डाचा. पायी पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहणाऱ्या आणि पहिल्या नोकरीचा दाखला हवा असणाऱ्या मुलींनी वर्षभरासाठी विचार करायला हरकत नाही. जाणार असाल, तर पहिल्या दिवशीचे अकरा कागद घरी नेऊन वाचण्यासाठी मागा आणि पहिल्या रात्री नऊला अंगठा लावल्यावर परत काउंटरकडे वळण्याआधी मोबाइलवर त्या यंत्राचा आणि घड्याळाचा एकत्र फोटो घ्या. मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावतात. लॉकर मागच्या दारापाशीच, यंत्राच्या शेजारी आहे.